दुकानदाराचा पहिला प्रश्न बदला

प्रश्न : आमच्या गावच्या आठवडी बाजारात खेळण्यांच्या पालावर गेलं की ‘पोराले पायजे का पोरीले?’ हाच पहिला प्रश्न असतो. माझी साडेचार वर्षांची मुलगी ट्रॅक्टर मागते आणि तिच्या हातात किचन सेट ठेवला जातो. आम्ही चार-पाच शिक्षिका आणि सेविका मिळून याविरुद्ध मोहीम करायचं म्हणतोय. दुकानदार हसतात, घरचेही हसतात. सुरुवात कुठून करावी? (दारव्हा तालुक्यातून एक शिक्षिका)

उत्तर : ताई, मी तेवीस वर्षांपासून यवतमाळ आणि अमरावती जिल्ह्यांत अंगणवाडी सेविकांच्या प्रशिक्षणाचं काम करते. बालशिक्षण शिकवता शिकवता मी खेळण्यांच्या पालापर्यंत कशी पोचले ते आधी सांगते, कारण तुमच्या प्रश्नाचं उत्तर तिथंच सापडेल.

दिवाळीनंतरचा बाजार होता. कापूस वेचणीचा चुकारा त्याच दिवशी झालेला, त्यामुळे बायांच्या हातात थोडे पैसे होते. दोन बांबूंना बांधलेल्या दोरीवर प्लास्टिकच्या पिशव्यांतून बाहुल्या, बंदुका, किचन सेट टांगलेले. खाली ताडपत्रीवर एक पिवळा जेसीबी. एक बाई आली, सोबत चारेक वर्षांची लेक. पोरगी जेसीबीपाशी उकिडवी बसली आणि एका बोटानं त्याचा पंजा वर करायला लागली. वर, खाली, परत वर. तोंडानं घर्रर्र आवाज. आई एवढंच म्हणाली, “लेकरासाठी काही दाखवा ना भाऊ.” दुकानदारानं खाली पोरीकडे पाहिलं आणि त्याचा हात आपसूक दोरीवरच्या गुलाबी किचन सेटकडे गेला. “हे घ्या, पोरीचं.” आईनं पैसे दिले आणि पोरीचं मनगट धरून तिला उठवलं. बोट अजून पंज्यावरच होतं.

यात वाईट कोणीच नव्हतं. दुकानदाराला गिऱ्हाईक निपटायची घाई, आई दिवसभर वावरात वाकून आलेली. मी शेजारी उभी होते आणि एक शब्द बोलले नाही, याची बोच मला आजही आहे. पण त्या दिवशी एक गोष्ट कळली. आपल्याकडे खेळण्यांची वाटणी होते ती दुकानदाराच्या तोंडच्या पहिल्या वाक्यात आणि त्याच्या हाताच्या सवयीत. म्हणून मोहीमही तिथंच न्यावी लागते.

बाहेरच्या देशांत या विषयावर बरंच काम झालंय, त्यातून आपण काय घ्यायचं आणि काय सोडायचं हे नीट पाहा. इंग्लंडमध्ये २०१२ साली काही आईबापांनी ‘लेट टॉईज बी टॉईज’ नावाची मोहीम सुरू केली. तिथल्या दुकानांत ‘मुलांची खेळणी’, ‘मुलींची खेळणी’ अशा पाट्या असायच्या, मांडण्याच वेगळ्या. त्यांनी कुठलंही खेळणं बंद करा असं म्हटलं नाही. फक्त पाट्या काढा, एवढीच मागणी. दुकानांना पत्रं लिहिली, पाट्यांचे फोटो काढून लोकांसमोर ठेवले, आणि पुढच्याच वर्षी तिथल्या मोठ्या साखळी दुकानांनी बदल करायचं कबूल केलं. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या टार्गेट या कंपनीनं खेळण्यांच्या विभागातल्या अशा पाट्या काढल्या. कॅलिफोर्नियात तर कायदाच आहे. ५०० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या मोठ्या दुकानदार कंपन्यांना तिथं १ जानेवारी २०२४ पासून मुलगा-मुलगी भेद नसलेला खेळण्यांचा एक विभाग ठेवावाच लागतो.

आता हे दारव्ह्याच्या किंवा दिग्रसच्या बाजारात कसं लावणार? तिथं पाटीच नाही. पाल आहे, दोरी आहे आणि दुकानदार आहे. म्हणून पाटीचा भाग सोडा. पण मागणी लहान आणि नेमकी ठेवायची त्यांची रीत मात्र जशीच्या तशी उचला. माझ्या मते आपली मागणी एकच असावी : दुकानदारानं ‘पोराले का पोरीले’ ऐवजी ‘लेकरू किती वर्षांचं आहे, त्याले काय आवडते’ हे विचारावं. याहून जास्त काही मागू नका. वयाचा प्रश्न त्याच्याही कामाचा आहे. दोन वर्षांच्या लेकराला बारीक तुकड्यांचं खेळणं दिलं तर ते घशात अडकू शकतं, हे कुठल्याही दुकानदाराला लगेच पटतं.

दुकानदाराशी बोलायला बाजाराच्या ऐन वेळी जाऊ नका. पाल लावायची वेळ सकाळची, तेव्हा चहा घेऊन जा. आधी त्याचं ऐका. माल बहुतेक वेळा नागपूरच्या इतवारीतून ठोकात आलेला असतो. खोक्यावर ज्याचं चित्र, त्याचं ते खेळणं, असं त्याला सरळ वाटतं. डॉक्टर सेटच्या खोक्यावर मुलगा असेल तर तो मुलाचा. त्याची भीती एकच असते, गिऱ्हाईक नाराज होऊन जाईल ही. तिथं धंद्याच्याच भाषेत बोला. जेसीबी फक्त पोरांना दाखवला तर अर्धं गिऱ्हाईक त्यानं स्वतःच परत पाठवलं. एका दुकानदाराला मी म्हटलं, भाऊ, चार बाजार दोरी थोडी रिकामी ठेवा, खेळणी खाली ताडपत्रीवर वयाप्रमाणे मांडा आणि लेकरं काय उचलतात ते बघा. तो तयार झाला, तोही मी त्याच्याकडून अंगणवाडीसाठी ठोकळे घेतले म्हणून. चौथ्या बाजारी तो आपणहून म्हणाला, “बाई, पोट्ट्या तं जेसीबीच उचलून राह्यल्या वो. आन् पोट्टे बोळकेवाल्या पाकिटाले हात लावून पाह्यते, मंग बापाकडे पाह्यते.”

बापाकडे पाहणारी ती मुलं विसरू नका. बोलताना आपण सगळ्याजणी पोरींचंच बोलतो. २०२१ साली लेगो कंपनीनं सात देशांत जवळपास ७,००० पालक आणि मुलांची पाहणी करून घेतली होती. त्यात ७१ टक्के मुलग्यांना ‘मुलींचं’ समजलं जाणारं खेळणं घेतलं तर आपल्याला हसतील अशी भीती वाटत होती. मुलींमध्ये अशी भीती बरीच कमी होती. भारत त्या सात देशांत नव्हता, पण आपल्या अंगणवाडीच्या बाहुली कोपऱ्यात उभं राहिलात तर हेच दिसेल. पोरगी ट्रॅक्टर घेऊन बसली तर ‘वाघीण आहे’ म्हणतात. पोरगा बाहुलीला थोपटायला बसला की कोणीतरी हाक मारतंच, “बायल्या झाला का बे?” साडेतीन वर्षांच्या पोराच्या हातून बाहुली खाली पडताना मी पाहिलीय. त्यानं ती परत उचलली नाही.

म्हणून घरच्या पुरुषांशी बोलायचा मुद्दा आधीच तयार ठेवा. तिथं वाद घालू नका, आपल्याच गावातली गोष्ट विचारा. बहिरमच्या यात्रेत चुलीवर मटणाची हंडी कोण चढवतं? लग्नाच्या पंगतीला मोठ्या गंजात वांग्याची भाजी कोण ढवळतं, रोडगे कोण भाजतं? पुरुषच ना? मग त्याच पुरुषाच्या नातवानं चार बोळकी मांडली तर काय बिघडलं? रंगाचंही असंच. गुलाबी पोरींचा रंग आहे म्हणणाऱ्याला वरातीतले गुलाबी फेटे आठवून द्या. अमेरिकेत १९१८ साली कपड्यांच्या व्यापाराचं एक मासिक गुलाबी रंग मुलांना आणि निळा मुलींना शोभतो असं छापत होतं. तिथल्याच सीअर्स कंपनीच्या १९७५ च्या कॅटलॉगात मुलांसाठी किंवा मुलींसाठी असं उघड सांगून विकलेली खेळणी दोन टक्क्यांहूनही कमी होती. म्हणजे ही कडक वाटणी काही निसर्गानं घालून दिलेली नाही, ती विक्रीसाठी वाढवलेली आहे. घरात बहीण-भाऊ असले आणि दोघांची खेळणी वेगळी असली की कंपनीचा माल दोनदा खपतो. हा हिशेब बचत गटाच्या बैठकीत सांगा. बायांना तो एका वाक्यात कळतो, कारण भावाची सायकल गुलाबी नाही म्हणून लेकीला दुसरी घ्या, हा हट्ट त्यांच्या घरात होऊन गेलेला असतो.

आता माझी एक मोठी चूक सांगते, तुम्ही ती करू नये म्हणून. पहिल्या वर्षी उत्साहात मी भिंतीला लावायला कागद केले होते. त्यावर भातुकली आणि बाहुलीवर लाल फुली आणि खाली ‘मुलींना चूल-बोळकी देऊ नका’. पंधरा दिवसांनी एका अंगणवाडीत गेले तर पाच वर्षांची एक पोरगी आपली चिंध्यांची बाहुली फ्रॉकच्या आत लपवून बसली होती. मला पाहून लपवली होती. तिच्या आजीनं जुन्या लुगड्याची करून दिलेली बाहुली. मी त्याच दिवशी सगळे कागद काढले. बाहुलीत दोष नाही, चुलीत नाही, गुलाबीतही नाही. भातुकलीत लेकरू मोजतं, वाटतं, बोलतं, कोणाला किती वाढायचं ते ठरवतं. ठोकळे आणि गाड्यांत ते वर-खाली, आत-बाहेर, तोल, अंतर शिकतं. दोन्ही दोघांना हवं. अर्धी खेळणी काढून घेतली की अर्धं शिकणं काढून घेतलं, मग ती बंदी दुकानदारानं घालो की आपण.

अंगणवाडीत आणि शाळेत मात्र तुमच्या हातात बरंच आहे, आणि मी म्हणेन की बाजाराआधी महिनाभर तिथं काम करा. एकच सोपा बदल करा. ट्रॅक्टर आणि जेसीबी ठोकळ्यांच्या कोपऱ्यातून उचलून घर-कोपऱ्यात ठेवा आणि दोन बाहुल्या ठोकळ्यांत नेऊन ठेवा. काही सांगू नका, फक्त बघा आणि वहीत लिहा. आमच्या एका सेविकेनं असं केलं तेव्हा चौथ्या दिवशी पोरं ट्रॉलीत बाहुल्या बसवून ‘दवाखान्यात’ नेत होती. ट्रॅक्टर एक पोरगी चालवत होती आणि बाहुलीला मांडीवर घेऊन एक पोरगा बसला होता. ही वही पालक सभेत वाचून दाखवा. आपल्याच लेकराचं नाव घेऊन सांगितलेलं आईबाप जेवढं मनावर घेतात, तेवढं कुठल्याच भाषणाचं घेत नाहीत. आणखी एक. रांगेत उभं करताना, खाऊ वाटताना ‘मुलांची रांग, मुलींची रांग’ करायची सवय आपल्यालाच सोडावी लागेल. दुकानदाराला आपण जे सांगणार, तेच दिवसातून दहा वेळा आपण करत असतो.

शिक्षिका म्हणून तुम्हाला एक आधारही आहे. बालभारतीनं २०१९ साली दुसरीच्या पुस्तकात आई आणि बाबा दोघंही भाजी निवडताहेत असं चित्र छापलं. डॉक्टर आणि वाहतूक पोलीस म्हणून बाई दाखवली. त्या पुस्तकाची प्रत शाळेच्या कपाटात सापडते का बघा. गावात ‘हे शहरातलं खूळ’ असं कोणी म्हणालं की ते पान उघडून ठेवायचं. सरकारी पुस्तकातलं चित्र आहे म्हटल्यावर सरपंचही वाकून बघतो.

टीव्हीवरच्या आणि मोबाइलवरच्या जाहिरातींचं तुम्ही विचारलं नाहीत, तरी थोडक्यात सांगते. जाहिरात मानक परिषदेनं (एएससीआय, जाहिरातींवर लक्ष ठेवणारी संस्था) जून २०२२ मध्ये स्त्री-पुरुषांच्या ठरावीक साच्यांबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. एखादं लेकरू ‘मुलीचं’ खेळणं घेतं म्हणून त्याला हिणवणारी जाहिरात दिसली तर तिकडे ऑनलाइन तक्रार करता येते. करा, पण सगळी ताकद त्यात घालू नका. तक्रारीनं आपला बाजार बदलणार नाही. खेळण्यांचा २०२०चा गुणवत्ता नियंत्रण आदेश वेगळाच आहे. तो सुरक्षिततेपुरता आहे, आणि १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यावर आयएसआय खूण हवी असं तो सांगतो. दुकानदाराशी वयाचं बोलणं काढायला मात्र तो फार उपयोगी पडतो.

आता ज्याबद्दल मला सगळ्यात जास्त सांगायचं आहे ते, तान्हा पोळा.

विदर्भाबाहेरच्या लोकांना हे कळायला वेळ लागतो, पण आपल्याकडे खेळण्यांचा खरा हंगाम दिवाळी नाही, पोळ्याचा पाडवा, म्हणजे पोळ्याचा दुसरा दिवस आहे. हाच तान्हा पोळा. नागपूरच्या दुसऱ्या रघूजी राजे भोसल्यांनी लेकरांसाठी लाकडी बैलांचा पोळा सुरू केला असं मानतात. आठ-दहा दिवस आधीपासून तालुक्याच्या रस्त्याकडेला लाकडी नंदी मांडलेले असतात, चाकं लावलेले, शिंगांना रंग दिलेले, हाताएवढ्यापासून कमरेएवढ्यापर्यंत. पाडव्याला लेकरं ते ओढत दारोदार जातात आणि बोजारा, म्हणजे पैसे-खाऊ, मागतात. आणि हा नंदी कोणाला घ्यायचा, तर बहुतेक घरांत पोराला. पोरगी नऊवारी नेसून, डोक्यावर लहानसा कळस घेऊन फोटोपुरती उभी. अलीकडे पोरीही नंदी ओढताना दिसतात, पण भाऊ असला की दोरी भावाच्या हातात.

मला याचं फार वाईट वाटतं, आणि कारण तुमच्या डोळ्यांसमोरच आहे. घरच्या बैलाला वैरण कोण टाकतं? पाणी कोण दाखवतं? शेण कोण काढतं? पोळ्याच्या दिवशी बैल दारात आला की त्याचे पाय धुऊन ओवाळते कोण? घरातली बाई. बैल सांभाळायचा तिनं आणि लाकडी बैल खेळायचा तिच्या भावानं. एका गावात मी हे एका आजोबांसमोर असंच बोलले. पोळ्याच्या दोन दिवस आधी ते सुताराकडे नातवासाठी नंदी घ्यायला आले होते, नात बोट धरून उभी. आजोबांनी सुपारी कातरायचं थांबवलं. थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग नातीला विचारलं, “तुले पायजे का वं?” पोरीनं मान हलवली आणि लगेच सुताराकडे जाऊन एका नंदीच्या वशिंडावर हात ठेवला. येता-जाता तिनं तो आधीच पाहून ठेवला असणार. सुतारानं दोरी ओवून दिली. पाडव्याला दोन्ही भावंडं दोन नंदी घेऊन निघाली आणि पोरीला बोजारा जास्त मिळाला म्हणून भाऊ रडला. दुसऱ्या वर्षी त्याच गल्लीत चार पोरींच्या हातात दोरी होती.

माझ्या अनुभवात कुठल्याही पोस्टरपेक्षा हे जास्त चाललं, कारण इथं कंपनी नाही, खोका नाही, खोक्यावरचं चित्र नाही. बनवणारा सुतार गावचा, विकत घेणारा आजोबा गावचा, स्पर्धा भरवणारं मंडळ गावचं. तीन माणसांशी बोललं की गोष्ट हलते. मंडळाकडे जा आणि पत्रिकेची भाषा बघा. ‘बालगोपाळांची नंदी सजावट स्पर्धा’ आणि ‘मुलींची वेशभूषा स्पर्धा’ असं छापलेलं असेल, तर ‘सर्व मुला-मुलींची’ असं दोन्हीकडे लिहून घ्या. भोंग्यावरून गावात दवंडी होते तीही तशीच करायला सांगा. बक्षीसं काय आहेत ते विचारा. एका गावात पोरांना क्रिकेटची बॅट आणि पोरींना टिफिनचा डबा असं ठरलेलं होतं. बक्षीसं आधीच आणून ठेवली होती, म्हणून आम्ही एवढंच म्हटलं की जिंकणाऱ्या लेकराला त्यातलं निवडू द्या. पहिली आलेल्या पोरीनं बॅट उचलली. तिसऱ्या आलेल्या पोरानं डबा घेतला, त्याच्या डब्याचं झाकण तुटलं होतं म्हणे.

तुमच्या मुलीच्या ट्रॅक्टरचंही सांगते. पुढच्या बाजारी दुकानदारानं विचारलं ‘पोराले का पोरीले’, तर चिडू नका. शांतपणे म्हणा, “साडेचार वर्षांची आहे, तिले ट्रॅक्टर पायजे.” दोन-तीन पाकिटं खाली ठेवायला सांगा आणि तिलाच उचलू द्या. पैसेही तिच्याच हातानं द्यायला लावा. त्यामुळे दुकानदाराला गिऱ्हाईक कोण ते दिसतं. तुम्ही चार-पाच जणी आहात, प्रत्येकीनं चार बाजार एवढंच केलं तर त्या पालावर एक वाक्य बदललेलं ऐकू येईल. आमच्याकडे सहा महिने लागले. काही दुकानदार अजूनही जुनंच विचारतात, त्यांच्याकडे आम्ही जातच राहतो.

आणि सुताराकडे मात्र आषाढ सरायच्या आत जा. श्रावण लागला की त्याच्याकडे मागणीची रांग असते आणि बोलायला त्याला सवड नसते. जाताना मुलीला सोबत न्या. नंदीची उंची तिच्या हाताप्रमाणे घ्यावी लागते, नाहीतर ओढताना दोरी खांद्याला लागते.